चित्राला हात न लावणारा पडदा

महागडा टीव्ही निवडण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे टीव्हीचं शोरूम. तिथे छतावर पांढऱ्या दिव्यांच्या रांगा असतात, भिंतीवर वीस-पंचवीस संच एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकावर कंपनीने स्वतः तयार करून दिलेली चित्रफीत फिरत असते. पोपटाचे पंख, कापलेलं कलिंगड, रात्रीच्या शहराचे दिवे. बहुतेक संच ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर ठेवलेले असतात, म्हणजे उजेड आणि रंग शेवटच्या टोकापर्यंत ताणलेले. त्या गर्दीत ज्याचा निळा सर्वांत निळा तो डोळ्यांत भरतो, आणि लाख-दोन लाखांचा व्यवहार त्यावर ठरून जातो. घरी दिवे निराळे असतात, शेजारी तुलनेला दुसरा संच नसतो आणि पडद्यावर प्लेस्टेशनवरचा खेळ किंवा शनिवारी रात्री लावलेला सिनेमा असतो.

कन्सोलवरचे खेळ आणि घरचं सिनेमागृह या दोन्हींसाठी एकच टीव्ही हवा म्हटलं की मागण्या परस्परविरोधी वाटू लागतात. खेळाला वेग हवा, सिनेमाला निगुतीने मांडलेलं चित्र. पण जरा खोलात गेलं की दोघांचं मागणं एकच आहे हे लक्षात येतं. सिनेमाचा रंग, उजेड आणि गती दिग्दर्शक आणि छायालेखक ठरवून पाठवतात. खेळात तेच काम कन्सोल क्षणोक्षणी करत असतो. टीव्हीने त्यात स्वतःची भर घालू नये, एवढंच दोघांना हवं असतं. जाहिरातीत टीव्ही चित्रात काय काय ‘सुधारतो’ याची यादी असते. माझ्या मते मात्र उंची संचाचे पैसे मोजावेत ते आलेलं चित्र जसंच्या तसं आणि वेळेवर दाखवण्याच्या त्याच्या ताकदीसाठी.

सिनेमापासून सुरुवात करू. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. बोलपट आले तेव्हा, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, ही गती रूढ झाली आणि आजही बहुतेक चित्रपट त्याच गतीने चित्रित होतात. साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा करतो, म्हणजे ६० हर्ट्झवर चालतो. ६०ला २४ने नेमका भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, अशी ओढाताण करावी लागते. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत असेल तर ही अडखळ डोळ्यांना जाणवते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा येतं आणि प्रश्नच मिटतो. १२० हर्ट्झ हा आकडा खेळांसाठीचा म्हणून विकला जातो, पण सिनेमाची गरज त्यात आपोआप भागते.

याच गतीच्या नावाखाली टीव्हीवाले एक खोडी करतात. दोन चित्रांच्या मध्ये बसतील अशी नवी चित्रं टीव्ही स्वतः कल्पनेने तयार करतो आणि हालचाल गुळगुळीत करून टाकतो. क्रिकेटच्या सामन्यात हे कदाचित बरं दिसेल, सिनेमा मात्र त्यामुळे दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी एक छोटी चित्रफीत काढून लोकांना घरच्या टीव्हीवरची ही सोय बंद करायला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९मध्ये, यूएचडी अलायन्स या संस्थेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. मार्टिन स्कोर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन अशा दिग्दर्शकांचा त्याला पाठिंबा होता. या मोडमध्ये हालचाल गुळगुळीत करणं, कडा धारदार करणं, चित्रातले दाणे पुसणं हे सगळं बंद होतं आणि पांढरा रंग स्टुडिओतल्या प्रमाणावर येतो. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटतं, कारण दुकानातल्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. चार-पाच दिवसांत डोळे रुळतात, आणि मग जुना मोड लावला की माणसांचे चेहरे आजारी दिसतात.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. ओएलईडी पडदा एका चित्रावरून दुसऱ्यावर इतक्या झटक्यात जातो की २४ चित्रांमधला प्रत्येक थांबा उघडा पडतो. जुन्या एलसीडीचा सुस्तपणा हे झाकून टाकत असे. कुणाला त्याचा त्रास होत असेल, तर गुळगुळीतपणाची सर्वांत खालची पायरी वापरायला हरकत नाही.

खेळाची गोष्ट वेळेची आहे. कंट्रोलरवरचं बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जो काळ जातो त्यातला काही कन्सोलचा, काही टीव्हीचा. टीव्ही चित्रावर जितके संस्कार करणार, तितका तो ते रोखून धरणार. सिनेमाच्या मोडमध्ये हा विलंब ५०-१०० मिलिसेकंदांपर्यंतही जाऊ शकतो. पाहताना तो कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळताना मात्र उडी उशिरा पडते. ‘गेम मोड’ हे संस्कार बाजूला सारतो आणि चांगल्या संचात ६० हर्ट्झला विलंब १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, १२०ला आणखी खाली. कन्सोल सुरू होताच टीव्हीने आपणहून गेम मोडमध्ये जावं यासाठी एएलएलएम नावाची सोय असते. ती नसेल तर रोज रिमोट शोधत बसावं लागतं आणि आठवड्याभरात माणूस तो नाद सोडून देतो.

सेकंदाला ३० चित्रं म्हणजे दर ३३.३ मिलिसेकंदांनी एक. ६० म्हणजे १६.७ आणि १२० म्हणजे ८.३. बरेच खेळ दोन पर्याय देतात: सुंदर पण ३०चा, किंवा थोडा साधा पण ६०चा. १२० हर्ट्झच्या पडद्यामुळे यात एक तिसरा पर्याय उघडला, आणि तो मला सर्वांत हुशारीचा वाटतो. १२०ला ३ने भागलं की ४० येतात. सेकंदाला ४० चित्रं म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एक, वेळेच्या हिशेबात ३० आणि ६०च्या बरोबर मध्यावर. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ने २०२१मध्ये हा पर्याय दिला आणि नंतर अनेक खेळांनी तो उचलला. फ्रेम फक्त १० वाढल्या, पण हातात कंट्रोलर घेतल्यावर फरक चांगलाच जाणवतो. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ही मजा मिळत नाही.

पण खेळाची गती स्थिर राहतेच असं नाही. स्फोट झाला, गर्दी वाढली की ६०चे ५२ होतात. पडदा आपल्याच तालात चालत राहिला तर चित्र मध्येच आडवं फाटल्यासारखं दिसतं किंवा अडखळतं. व्हीआरआर या तंत्रात पडदा कन्सोलच्या तालाने चालतो, चित्र तयार झालं की तेव्हाच ताजा होतो. एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये हे पहिल्यापासून होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये अनेक देशांत आणि फेब्रुवारी २०२१मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ला ते एप्रिल २०२२च्या अपडेटमध्ये मिळालं. प्लेस्टेशनवर त्याची कक्षा ४८ ते १२० हर्ट्झ आहे, म्हणजे ३० फ्रेमच्या खेळाला त्याचा उपयोग नाही. शिवाय ओएलईडी आणि काही एलसीडी संचांवर व्हीआरआर चालू असताना गती सतत खालीवर झाली की अंधाऱ्या दृश्यांत उजेड किंचित लुकलुकतो. कुठल्या खेळात हे जाणवलं तर तेवढ्यापुरतं व्हीआरआर बंद करावं.

हे सगळं ज्या वाटेने टीव्हीपर्यंत येतं ती एचडीएमआयची केबल. तिच्यावरचं ओझं किती ते पाहू. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला १२० चित्रं म्हणजे जवळजवळ १०० कोटी ठिपके, आणि एचडीआरसाठी, म्हणजे उजेडाची कक्षा अधिक रुंद असलेल्या चित्रासाठी, प्रत्येक ठिपक्याला ३० बिट. नुसत्या चित्राचेच सेकंदाला ३० गिगाबिट झाले. जुन्या एचडीएमआय २.०ची क्षमता १८ गिगाबिट होती, २.१ची ४८. प्लेस्टेशन ५ त्यातले ३२ वापरतो, एक्सबॉक्स सीरिज एक्स ४०. ३२मध्ये १२० हर्ट्झचं एचडीआर चित्र बसवताना रंगांचा तपशील थोडा आखडता घ्यावा लागतो, पण सोफ्यावरून ते ओळखता येत नाही. जानेवारी २०२५मध्ये ९६ गिगाबिटच्या एचडीएमआय २.२ची घोषणा झाली आहे. तिच्यासाठी खरेदी लांबवण्यात अर्थ नाही, कारण आजच्या कन्सोलला तेवढ्या रुंद वाटेची गरजच नाही.

फसगत होते ती नावात. एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्यांनी २.०ची स्वतंत्र पाटी काढून टाकली आणि २.१मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक ठेवल्या. त्यामुळे खोक्यावर ‘२.१’ लिहिलं आहे म्हणून ४के १२० हर्ट्झ मिळेलच अशी खात्री नाही. विक्रेत्याला नुसतं ‘२.१ आहे का’ असं विचारू नका. ४के १२०, व्हीआरआर, एएलएलएम आणि आवाज बाहेर नेणारा ईआर्क ही चार नावं एकेक करून विचारा, आणि यातलं किती, कुठल्या पोर्टवर मिळतं तेही. एलजीच्या सी मालिकेत आणि सॅमसंगच्या वरच्या संचांत चारही पोर्ट पूर्ण क्षमतेचे असतात. सोनीच्या अनेक उत्तम संचांत असे दोनच असतात आणि त्यांपैकी एक साउंडबारसाठीचा ईआर्क पोर्ट असतो. एकच कन्सोल असेल तर काही बिघडत नाही. घरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि साउंडबार तिन्ही असले की मात्र अडचण येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. अनेक संचांत पोर्टची पूर्ण क्षमता कारखान्यातून बंद ठेवलेली असते. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ असा पर्याय शोधून त्या पोर्टसाठी चालू आहे ना, हे पाहावं लागतं. केबल कन्सोलच्या खोक्यातलीच वापरावी. वेगळी घ्यायची तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रमाणपत्राची.

आता पडद्याकडे वळू. पैशांचा मोठा वाटा इथे जातो आणि तो इथेच जायला हवा.

चित्राचा खरा कस अंधारात लागतो. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’ घ्या. सतत पावसात भिजणारं गाव, वाड्यातले काळोखे सोपे, कंदिलाच्या उजेडात अर्धाच दिसणारा चेहरा. पंकज कुमार यांच्या छायालेखनातली गंमत त्या काळोखाच्या थरांमध्ये आहे: भिंत काळी, तिच्यापुढची सावली अधिक काळी, तिच्यात हलणारं काहीतरी त्याहून काळं. साध्या एलसीडीवर हे सगळं एका राखाडी धुक्यात जमा होतं, कारण तिथे पडद्यामागे कायम जळणारा दिवा असतो आणि समोरची द्रवस्फटिकं तो पूर्णपणे अडवू शकत नाहीत. ‘अ‍ॅलन वेक २’सारख्या रात्रीच्या जंगलात फिरवणाऱ्या खेळाचंही असंच होतं. भीती अंधारात असते, आणि पडद्याने अंधार राखाडी करून टाकला की ती निघून जाते.

ओएलईडीमध्ये मागे दिवाच नसतो. ८३ लाख ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तेव्हा स्वतः विझतो. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७मध्ये व्यवहारात वापरता येईल असा सेंद्रिय प्रकाशदीप दाखवला, तिथून या तंत्राची वाट सुरू होते. फोटोच्या फिल्मसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोडॅकने २००९मध्ये हा व्यवसाय एलजीला विकला. सोनीने २००७मध्ये ११ इंचांचा ओएलईडी टीव्ही बाजारात आणला होता, पण २०१३मध्ये एलजीचा ५५ इंची संच आला तेव्हा कुठे तो दिवाणखान्याच्या मापाचा झाला. एलजीच्या पद्धतीत ठिपका पांढरा उजळतो आणि पुढचे गाळणारे थर त्यातून रंग काढतात. उजेड वाढवण्यासाठी लाल-हिरव्या-निळ्यासोबत एक शुद्ध पांढरा उपठिपकाही दिलेला असतो. याचा एक तोटा असा की खूप उजळ रंग किंचित धुतल्यासारखे होतात.

२०२२मध्ये सॅमसंग डिस्प्लेने दुसरी वाट काढली. सगळे ठिपके निळे ठेवायचे आणि लाल-हिरवा रंग क्वांटम डॉटकडून करवून घ्यायचा. हे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण असतात. निळा प्रकाश शोषून ते दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडतात, आणि तो रंग कणाच्या आकारावर ठरतो. मोठा कण लाल, लहान हिरवा. याच कणांच्या शोधासाठी आणि ते बनवण्याच्या पद्धतीसाठी मूंजी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतकं ताजं विज्ञान घराच्या भिंतीवर येऊन बसावं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. या क्यूडी-ओएलईडीचे उजळ रंग साध्या ओएलईडीपेक्षा भरदार असतात, मग ती ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मधली लाल गाडी असो की सिनेमातला गुलाल. उणीव एकच. त्यावर बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवक थर नसतो, त्यामुळे खोलीत ट्यूबलाइट चालू असेल किंवा खिडकीतून ऊन येत असेल तर काळा रंग राखाडी-जांभळट दिसतो. पडदे ओढून पाहणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. भर दुपारी बाल्कनीसमोर बसून खेळणाऱ्याला रोज दिसेल.

तिसरा पर्याय मिनी एलईडीचा. हा मुळात एलसीडीच, पण पडद्यामागे हजारो बारीक दिवे असतात आणि त्यांचे विभाग वेगवेगळे मंद करता येतात. पण समजा असे २००० विभाग आहेत. ८३ लाख ठिपके त्यांत वाटले तर एका विभागाच्या वाट्याला चार हजारांहून अधिक येतात. काळ्या आभाळात एक तारा दाखवायचा तर एवढा सगळा विभाग थोडा उजळावा लागतो आणि ताऱ्याभोवती धूसर वलय पडतं. सिनेमाखालच्या पांढऱ्या उपशीर्षकांभोवतीही ते दिसतं. काही संचांत गेम मोड लावला की दिवे मंद करण्याचं गणित घाईत उरकलं जातं आणि वलय आणखी वाढतं, म्हणून अशा संचाची परीक्षा गेम मोडमध्येच घ्यावी. मात्र उजेडाच्या बाबतीत त्याला तोड नाही. ओएलईडीवर छोटा भाग लखलखीत होऊ शकतो, पण पूर्ण पडदा पांढरा झाला, समजा बर्फाच्छादित मैदान आलं, तर वीज आणि उष्णता आवरण्यासाठी तो स्वतःला मंद करतो. मिनी एलईडीला तसं फारसं करावं लागत नाही.

मग राहतो तो डाग पडण्याचा प्रश्न. ओएलईडीचे सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात आणि जो ठिपका जास्त जळतो तो जास्त झिजतो. एकच खूण महिनोन् महिने एकाच जागी राहिली तर तिची सावली पडद्यावर उरते. सिनेमाला ही भीती नाही, आणि आलटूनपालटून वेगवेगळे खेळ खेळणाऱ्याला आजच्या संचांत फारशी नाही. धोका दोघांना. एक, जो वर्षभर एकच खेळ रोज तासन् तास खेळतो आणि ज्याच्या कोपऱ्यातला नकाशा कधी हलत नाही. दुसरं, ते घर जिथे सकाळपासून रात्रीपर्यंत वृत्तवाहिनीच्या लाल-पिवळ्या पट्ट्या चालू असतात. ओएलईडी रात्री मुलांच्या खेळासाठी आणि सिनेमासाठी घेतला, पण दिवसभर आजोबा त्यावर बातम्या लावून बसणार असतील, तर मिनी एलईडी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काही हमीपत्रांत हा डाग धरलेला असतो, काहींत नसतो. पैसे देण्याआधी ते कलम लेखी वाचून घ्यावं.

उजेड निटमध्ये मोजतात. जुना, साधा व्हिडिओ १०० निट गृहीत धरून रंगवला जात असे. एचडीआरची मोजपट्टी १०,००० निटपर्यंत जाते, पण बहुतेक सिनेमे १,००० किंवा ४,००० निटच्या मॉनिटरवर पाहून पूर्ण केलेले असतात. तुमच्या टीव्हीला तेवढं जमत नसेल तर तो वरचा उजेड दाबून आपल्या आवाक्यात आणतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. सिनेमात हे काम टीव्हीनेच करायचं असतं. खेळात मात्र ते कन्सोलही करू शकतो, आणि दोघांनी केलं तर एकाच आमटीत दोघांनी मीठ टाकल्यासारखं होतं: ढगांचा तपशील जातो किंवा सगळं चित्र मळकट होतं. यावरचा तोडगा म्हणजे एचजीआयजी नावाचा पर्याय. तो निवडला की टीव्ही उजेडात ढवळाढवळ थांबवतो. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये एचडीआर जुळवण्याचा पडदा उघडून, खूण जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत उजेड वाढवायचा. कन्सोलला टीव्हीची मर्यादा कळते आणि पुढचं सगळं तो तिच्या आत रंगवतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने जो फरक पडतो तो वरच्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजूनही पडणार नाही.

डॉल्बी व्हिजन की एचडीआर१०+ या वादावर मी फार वेळ घालवणार नाही. दोन्ही पद्धतींत प्रत्येक दृश्यासाठी उजेडाच्या वेगळ्या सूचना टीव्हीला मिळतात. सॅमसंग डॉल्बी व्हिजन देत नाही, एलजी एचडीआर१०+ देत नाही. प्लेस्टेशन ५ला डॉल्बी व्हिजन येत नाही, एक्सबॉक्स सीरिज एक्सला खेळांतही येतं. सिनेमा मुख्यतः ओटीटीवर पाहणार असाल तर डॉल्बी व्हिजनचं पारडं थोडं जड आहे, तरी नेटफ्लिक्सने २०२५मध्ये एचडीआर१०+ही सुरू केल्यामुळे तो फरक कमी झाला. यापेक्षा चित्रावर मोठा परिणाम होतो तो इंटरनेटवरून किती माहिती येते याचा. नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन सुचवतं, तर ४के ब्लू-रे तबकडीवरून १०० मेगाबिटच्याही वर माहिती येऊ शकते. तबकडीचा खण असलेला प्लेस्टेशन ५ ती वाजवू शकतो, पण आपल्याकडे अशा तबकड्या सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवाव्या लागतात.

आकाराच्या बाबतीत लोक खोलीकडे पाहतात, खरं तर सोफ्यापासूनचं अंतर पाहायला हवं. साधारण पाहण्यासाठी पडद्याने नजरेचा ३० अंशांचा भाग व्यापावा आणि सिनेमागृहाचा अनुभव हवा असेल तर ४० अंशांचा, असे दोन संकेत आहेत. ६५ इंची पडद्याची रुंदी १४४ सेंटिमीटर असते. तेव्हा पहिल्या संकेताने अंतर सुमारे ९ फूट येतं, दुसऱ्याने साडेसहा. ७७ इंचीसाठी तेच साडेदहा आणि पावणेआठ. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये सोफा बहुधा आठ-नऊ फुटांवर असतो, म्हणजे ६५ हा तिथला योग्य आकार आणि हौस असेल तर ७७. याच हिशेबाने ८केचा विषयही संपतो. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखू शकतो, आणि ४के पडदा ३० अंशांत पाहताना एका अंशात १२०हून जास्त ठिपके आलेलेच असतात. मोठा संच घेताना खोका लिफ्टमध्ये मावतो का तेही आधी मोजून घ्या. हे पातळ पडदे आडवे करून जिन्यावरून नेले तर तडकू शकतात. आणि भिंतीवर लावताना, बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास येतील इतक्या उंचीवर लावा. शोकेसच्या वर, देव्हाऱ्याच्या उंचीला टांगलेला टीव्ही दोन तासांच्या सिनेमात मान अवघडून टाकतो.

आवाजासाठी पैसे बाजूला काढल्याशिवाय टीव्हीचं बजेट ठरवू नये. बोटभर जाडीच्या चौकटीत खर्जाला जागाच नसते. पूर्वी कन्सोल आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, अशी जोडणी असे. आता उलट सोयीचं पडतं: कन्सोल थेट टीव्हीला जोडायचा म्हणजे १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर विनाअडथळा मिळतं, आणि आवाज ईआर्कवरून साउंडबारकडे किंवा रिसीव्हरकडे पाठवायचा. जुना आर्क सेकंदाला जेमतेम १ मेगाबिट आवाज नेतो, ईआर्क ३७. कन्सोलमधून येणारा सात दिशांचा न दाबलेला आवाज किंवा पूर्ण दर्जाचा डॉल्बी अ‍ॅटमॉस यासाठी तो लागतोच. प्लेस्टेशन ५ला अ‍ॅटमॉस २०२३मध्ये मिळालं. खेळात मागून येणारी पावलं खरोखर मागून ऐकू येणं हे पडद्यावरच्या कुठल्याही सुधारणेइतकंच मोलाचं आहे. सिनेमात मधल्या स्पीकरमुळे संवाद स्पष्ट होतात आणि पार्श्वसंगीत वाढलं की आवाज कमी-जास्त करत बसावं लागत नाही.

खरेदीची वेळही महत्त्वाची. नवी मॉडेलं जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात जाहीर होतात आणि पुढच्या काही महिन्यांत आपल्याकडे येतात. तेव्हा आदल्या वर्षीचा वरचा संच उतरत्या भावात मिळतो, आणि या वर्षीच्या मधल्या संचापेक्षा बहुतेक वेळा तोच सरस असतो. सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्याचाही फायदा धरावा. एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे विकले जातात हेही ध्यानात असू द्या. सॅमसंगच्या एस९०डी मालिकेत आकार आणि देशानुसार कधी क्यूडी-ओएलईडी, कधी साधा ओएलईडी येतो. म्हणून परदेशी समीक्षा वाचताना ती तुमच्याच आकाराची आणि तुमच्याच बाजारातल्या मॉडेलची आहे का, ते तपासावं.

मला विचाराल तर, संध्याकाळनंतर दिवे मंद करून पाहणाऱ्या घराने ६५ इंची ओएलईडी घ्यावा, क्यूडी की साधा हे खिडकीकडे पाहून ठरवावं. दिवसभर उजेडात चालणाऱ्या घराने मिनी एलईडी. ओएलईडी घेतलात तर घरातल्या एका सवयीला मुरड घालावी लागेल. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करण्याची शिस्त असते. पण ओएलईडी रिमोटने बंद केल्यावर प्रत्येक ठिपक्याची झीज मोजून ती भरून काढण्याचं काम तो स्वतःहून करतो. एलजीच्या संचांत एकूण चार तास वापर झाला की हे काम निघतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. भिंतीवरची वीज बंद असेल तर ते होतच नाही, आणि झीज साचत जाते. बोर्डाचं बटण चालू ठेवा, हवं तर चांगलं अर्थिंग आणि विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा. घरात रात्री फिरून सगळे स्विच बंद करणारं जे कुणी असेल त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.